तपकिरी अळी, शेपटीवर शिंग, काहीच खात नाहीये! काय देऊ?

ओसरी
नमस्कार मंडळी, मी इथे नुसती वाचक, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. काल संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर एक अळी दिसली, माझ्या मधल्या बोटाएवढी लांब आणि चांगली जाडजूड, पाठ तपकिरी, कडेने फिक्कट पट्टा आणि त्याच्या आजूबाजूला पांढरे ठिपके, शेपटीच्या टोकाला बुटकं पिवळट शिंग. डोक्याच्या मागे दोन निळसर डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे गोल. कुणाच्या तरी पायाखाली जाईल म्हणून कागदावर घेतली (हात लावायची हिंमत नाही) आणि डब्यात ठेवली, झाकणाला भोकं पाडली. जास्वंद, तुळस, गुलाब, मनीप्लँट, पालक, हाताशी होतं ते सगळं देऊन झालं, बाई ढुंकूनही बघत नाहीत. रात्रभर डब्यात गोल गोल फेऱ्या चालू होत्या. आज सकाळी तर अंगाने आकसल्यासारखी वाटतेय. उपाशी मरेल का हो? फोटो टाकलाय पण ती हलली त्यामुळे धुरकट आलाय.

जुनाखोड
बाहेर सोडून द्या. डब्यात ठेवायचा सोस कशाला?

रानभूल
ओसरी, घाबरू नका आणि जुनाखोड काकांचं ऐकून लगेच सोडूही नका. आधी दोन प्रश्न. जिन्याच्या आसपास कण्हेर, तगर नाहीतर सदाफुली आहे का? आणि त्या झाडाखाली लेंड्या दिसतात का, मिऱ्याएवढ्या, टणक, अंगावर उभ्या खाचा असलेल्या?

ओसरी
अय्या हो! जिन्याला लागूनच तगर आहे. आत्ता खाली जाऊन बघून आले, वरचे चार-पाच शेंडे पार बोडके, नुसत्या काड्या. मला वाटलं होतं कुणीतरी छाटले. आणि खाली काळे दाणे पडलेत, मी ते रोज बी समजून झाडत होते 🙈

रानभूल
मग ही ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी, ९९ टक्के. आणि ती उपाशी नाहीये, तिचं जेवण उरकलंय. ही अळी आयुष्यभर हिरवीगार असते, तगरीच्या पानात बसली की दोन फुटांवरूनही दिसत नाही. पोटभर वाढ झाली की कोषात जायच्या आधी एक-दोन दिवस पाठ तपकिरी पडते, पोटातलं सगळं बाहेर टाकते, शेवटची लेंडी पातळ असते, म्हणून आकसल्यासारखी दिसते. मग झाड सोडून खाली उतरते आणि पालापाचोळा शोधत वणवण फिरते. तुम्हाला ती नेमकी त्या वेळेला भेटली. खायला काहीही देऊ नका, एका पसरट डब्यात चार बोटं भुसभुशीत माती आणि वर सुका पाला घाला, माती जेमतेम ओलसर, चिखल नको, आणि काळोखात ठेवून द्या. उद्या परवा ती पाल्याखाली विरळ जाळी विणून गायब होईल. एक आडवीतिडवी काडी पण रोवून ठेवा, बाहेर येईल तेव्हा चढून लटकायला लागते, नाहीतर पंख चुरगळलेलेच वाळतात.

ओसरी
म्हणजे मी ज्याला जेवण झालंय त्याला रात्रभर आग्रह करत बसले होते. केलं तसं, डबा कपाटाखाली ठेवलाय.

लेन्सवाला
शिंग बघून पुष्कळ लोक घाबरतात, नांगी समजून. हॉकमॉथच्या कुठल्याच अळीचं शिंग डसत नाही, मऊ असतं. आणि ते डोळे खरे नव्हेत. तिला डिवचलं की ती डोकं आत ओढून घेते आणि पुढचा भाग फुगवते, तेव्हा ते दोन निळे गोल असे काही समोर येतात की पक्षी एकदा तरी दचकतोच. खरे डोळे डोक्यावर बारीक ठिपक्यांसारखे, तेही उजेड-अंधार एवढंच धड कळणारे.

शेंडा
बरं झालं धागा निघाला. माझी वेगळीच रड आहे. कुंडीतला कढीपत्ता दर दोन महिन्यांनी सफाचट होतो. आधी पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं दिसतं, मी दुर्लक्ष करतो, आणि आठवड्याने बघतो तर हिरव्या लठ्ठ अळ्या आणि झाडाचा खराटा. हात लावला तर डोक्यातून लाल दोन शिंगं बाहेर काढतात आणि असा काही घाण वास येतो की विचारू नका. उपाय सांगा, आणि प्लीज "निसर्ग आहे, राहू द्या" असं कुणी म्हणू नका.

रानभूल
हाहा शेंडा, ती शिट म्हणजेच अळी! लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉर्मन. लिंबू, कढीपत्ता, बेल, अशी एकाच कुळातली झाडं दोघांना चालतात. पहिल्या चार अवस्थांत (दर कातीनंतर नवी अवस्था) अंगावर काळपट-पांढरं, ओलसर चकाकी, हुबेहूब शिट. पण अळी मोठी झाली की ते सोंग पुरत नाही, एवढी मोठी शिट कुठल्या पक्ष्याची? म्हणून शेवटची कात टाकली की एकदम हिरवी. ती लाल शिंगं म्हणजे एक मऊ दुभागलेली पिशवी आहे, मानेच्या आत गुंडाळलेली, धोका वाटला की रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते आणि वास सोडते. ही दोघं ज्या गटातली त्या स्वॅलोटेल फुलपाखरांच्या सगळ्या अळ्यांना असते ती.

किडेमकोडे
ह्यात एक गंमत अजून. रंग बदलायचा की नाही हे ज्युवेनाइल हार्मोनवर, म्हणजे अळीला अळीच ठेवणाऱ्या संप्रेरकावर ठरतं. चौथ्या अवस्थेत ते भरपूर असलं तर पुढचं रूपही शिटेचंच, ते कमी झालं की हिरवं. प्रयोगात बाहेरून ते हार्मोन लावून पाचव्या अवस्थेतही शिटेचाच वेष राहिलेल्या अळ्या तयार केल्या आहेत.

शेंडा
माहिती भारी आहे पण माझा कढीपत्ता??

जुनाखोड
अहो शेंडा, दोन कुंड्या ठेवा. एक तुमची, एक त्यांची. अळ्या दिसल्या की उचलून त्यांच्या कुंडीत. औषध मारू नका, पानं तुमच्याच पोटात जाणार आहेत. मी गेली कित्येक वर्षं हेच करतो. झाड मोठं झालं की चार-सहा अळ्यांनी त्याला काही होत नाही, कुंडीतल्या हातभर रोपाला होतं.

चिमणचारा
आमच्या घरी सात वर्षांचं एक प्रश्नोपनिषद आहे, त्याचा प्रश्न: फुलपाखराला कसं कळतं की हे लिंबाचंच झाड? ते तर पान खात नाही, त्याला दातच नाहीत. मला उत्तर आलं नाही.

किडेमकोडे
चिमणचारा, चिरंजीवांना सांगा, पायाने चव घेतं. मस्करी नाही करत. मादीच्या पुढच्या पायांच्या तळव्यांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. कधी बघा, अंडी घालायला आलेली मादी सरळ झाडावर बसत नाही, या पानावरून त्या पानावर अशी भिरभिरते आणि प्रत्येक पानावर पायांनी टपटप टपटप वाजवते. पटलं तर पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि निघाली. लांबून ती पानाचा रंग, आकार, वास यांवर अंदाज बांधते, शेवटचा शिक्का पायाचा.

आणि अळीच्या बाजूनेही तसंच आहे. १९१० साली फेरशाफेल्ट नावाच्या डच शास्त्रज्ञाने कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या घेतल्या, त्या ज्या झाडाला तोंड लावत नव्हत्या त्याच्या पानांना राईच्या कुळातल्या झाडाचा रस लावला, आणि अळ्यांनी ती खाल्ली. म्हणजे जे तिखट रसायन झाडाने किड्यांना हाकलायला बनवलं तेच या अळीला "ये, जेवायला बस" असं सांगतं. पुढे १९६४ मध्ये एर्लिक आणि रेव्हन या दोन शास्त्रज्ञांनी फुलपाखरांची कुळं आणि झाडांची कुळं शेजारी शेजारी मांडली आणि म्हटलं की हे एकमेकांना बघून बदलत आलेत, झाड नवीन विष काढतं, बहुतेक किडे गळतात, एखादा ते पचवायला शिकतो आणि मग त्याला ते अख्खं कुळ मोकळं.

रानभूल
म्हणून मी कुणी अळीचा फोटो टाकला की आधी झाड विचारते. अळी रंग बदलते, दर कातीला वेगळी दिसते. पण ती कोणत्या झाडावर होती ते कळलं की अर्धं काम झालं. ओसरींनी नुसतं "तपकिरी, शिंग" सांगितलं होतं तर दहा नावं निघाली असती, तगर म्हटल्यावर एकच उरलं. बहावा आणि टाकळ्यावर हिरवी लांबट अळी दिसली की आधी कॉमन एमिग्रंट आठवावं. एरंडावर काटेरी काटेरी असेल तर कॉमन कॅस्टर, फुलपाखराला नावच झाडाचं मिळालंय. बांडगुळावर घोळक्याने बसलेल्या असतील तर जेझबेल. कृष्णकमळाच्या वेलावर लालसर काटेरी, टॉनी कोस्टर. आंब्यावर तर बॅरनची अळी मधल्या शिरेवर अशी झोपते की अंगावरची फिक्कट रेघ बरोब्बर शिरेवर येते आणि दोन्ही बाजूंची पिसांसारखी झालर पानावर सपाट पसरते, मला ती स्वतःहून आजवर दोनदाच दिसली आहे आणि त्यातल्या एकदा मी आधी तिच्या शेजारचं पान तोडलं होतं.

लेन्सवाला
रुईवरच्या प्लेन टायगरबद्दल लिहितो, कारण मागच्या महिन्यात मी एका झुडपासमोर सलग अडीच तास बसलो होतो आणि पाठ अजून दुखतेय.

रुईचं पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो हे सगळ्यांना माहीत आहे. छोट्या अळीसाठी तो चीक म्हणजे डिंकाचा पूर, तोंड चिकटून मरते. तर ही अळी, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या, पानाच्या मागच्या बाजूला आली आणि खायला सुरुवातच केली नाही. ती देठाकडे गेली. जाड मधल्या शिरेला एक चावा, चीक आला, ती मागे सरकली, तोंड पानावर पुसलं (खरंच पुसलं, दोन्ही बाजूंनी, जेवून झाल्यावर आपण पुसतो तसं), परत चावा, परत मागे. हे साधारण वीस मिनिटं. शेवटी शीर एवढी कुरतडली गेली की पान तिथून लुळं पडून खाली वाकलं. मग बाईसाहेब पानाच्या टोकाकडे चालत गेल्या आणि निवांत खायला बसल्या. तिकडे चीक येतच नव्हता, नळ आधीच बंद केलेला! अगदी लहान अळ्या शिरेपर्यंत पोचू शकत नाहीत त्या पानावर एक गोल खाच कोरतात आणि त्या गोलाच्या आतलंच खातात, म्हणून रुईच्या पानाला नाण्याएवढी गोल भोकं दिसली की पान उलटून बघा.

किडेमकोडे
आणि एवढी खबरदारी घेऊनही रुईतलं हृदयावर काम करणारं विष थोडं पोटात जातंच, ते ती अंगात साठवते आणि फुलपाखरापर्यंत नेते. पक्ष्याने एकदा खाल्लं की ओकारी, परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. डॅनेड एगफ्लायची मादी नेमकी ह्याचा फायदा घेते, ती दिसते हुबेहूब प्लेन टायगर, पण तिची अळी वाढते घोळीच्या पानांवर, विष वगैरे काही नाही. नर मात्र काळा, पांढरे मोठे ठिपके, तो बिचारा कुणाची नक्कल करत नाही.

ओसरी
बापरे, घोळ तर कुंड्यांमधून मी उपटून फेकते. आणि हो, अळी दिसेनाशी झाली! पाला जरासा उचलून बघितला तर खाली विरळ जाळं आणि आत ती निपचित. परत झाकून ठेवलं.

रानभूल
छान. आता अजिबात उकरू नका.

जुनाखोड
घोळीवरून आठवलं म्हणून माझी फजिती सांगतो. निवृत्त झाल्यावर मला फुलपाखरांची बाग करायचं वेड लागलं. पुस्तकी पद्धतीने फुलझाडं लावली, घाणेरी, झेंडू, एक्झोरा, नुसता रंगांचा बाजार. फुलपाखरं यायची, मध प्यायची आणि जायची. दोन वर्षांत एक अंडं दिसलं नाही. मी म्हणायचो बाग फुकट गेली. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एक अख्खा पावसाळा मला बागेत वाकता आलं नाही, कडेकडेने टाकळा, घोळ, बला, कुंपणावर कृष्णकमळाचा रानवेल, सगळं माजलं. त्या वर्षी पहिल्यांदा अळ्या दिसल्या, आणि मग कोष, आणि मग जी फुलपाखरं दिसली ती कुठूनतरी आलेली नव्हती, माझ्या इथे जन्मलेली होती. घाणेरी म्हणजे नुसतं हॉटेल, बाळंतपणाला माहेर लागतं. आमच्या हिने तेव्हा टोमणा मारला की तुमच्यापेक्षा तुमचा गुडघा बरा माळी आहे.

चिमणचारा
काका 😂😂 तो टोमणा आमच्या फ्रीजवर लावणारे.

शेंडा
मी पण एक किस्सा टाकतो, चांगला नाहीये. काकांचं ऐकून दुसरी कुंडी आणायला गेलो, एका नर्सरीतून लिंबाचं छान टवटवीत रोप आणलं, एका पानाला डाग नाही. तीन अळ्या त्याच्यावर सोडल्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही खाली, काळ्या पडलेल्या, तोंडातून हिरवं पाणी. वाईट वाटलं राव, आधी मीच मारायला निघालो होतो तरी.

रानभूल
अरेरे. हे फार होतं. रोपं विकायच्या आधी झाडाच्या अंगात भिनणारं औषध दिलेलं असतं, ते पान धुतल्याने जात नाही, रसात असतं, आठवडेच्या आठवडे राहतं. एकही डाग नसलेलं रोप अळ्यांसाठी आणायचंच नाही. थोडी खाल्लेली, भोकं पडलेली पानं बघून घ्यायची, म्हणजे कुणीतरी ते खाऊन जगलंय. नाहीतर बी पेरा, लिंबाचं बी सहज रुजतं.

किडेमकोडे
चुकीच्या झाडाची याहून वाईट गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथे रिचमंड बर्डविंग नावाचं मोठं फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या रानातल्या एका वेलावर वाढतात, आपल्याकडच्या सापसंदाच्या कुळातला. लोकांनी बागेत शोभेसाठी त्याच कुळातला दक्षिण अमेरिकेतला वेल आणला, मोठ्या चित्रविचित्र फुलांचा. मादी येते, पायाने चव घेते, वास-चव सगळं ओळखीचं, अंडी घालते. अळी बाहेर येते, दोन घास खाते आणि मरते, त्या वेलातलं विष तिला पचत नाही. पायाची चव हजारो वर्षं बरोबर होती, वेल शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आला, एवढ्यात कोण शिकणार.

अमेरिकेत मोनार्क फुलपाखराचंही काहीसं असंच झालंय, पण तिथे झाड चुकीचं नाही, उलट फार चांगलं. लोकांनी प्रेमाने लाल-केशरी फुलांची उष्ण प्रदेशातली मिल्कवीड (आपल्या रुईच्या नात्यातलं झाड) लावली, अळ्या आवडीने खातात. पण तिथली देशी मिल्कवीड थंडीत वाळून जाते आणि ही उबदार भागात हिवाळाभर हिरवी राहते, त्यामुळे काही मोनार्क मेक्सिकोला जायच्या ऐवजी तिथेच रेंगाळतात आणि त्याच त्या पानांवर एका परजीवीचे कण साठत जातात, पुढची पिढी ते पानाबरोबर खाते. म्हणून तिथे आता सांगतात की थंडीच्या आधी ती छाटून टाका.

लेन्सवाला
झाड असूनही फुलपाखरू गेलं याचं सगळ्यात भारी उदाहरण ब्रिटनमधलं लार्ज ब्लू. लोकांना वाटायचं संग्राहक पकडून नेतात म्हणून कमी होतंय, कुंपणं घातली. तरी १९७९ साली ते तिथून संपलं. अळीचं झाड, रानओवा म्हणता येईल असं थाइमचं झुडूप, तिथेच होतं. पण ही अळी त्याची फुलं फक्त दोन-तीन आठवडे खाते, मग जमिनीवर टपकते आणि गोडसर थेंब देऊन एका लाल मुंगीला फसवते. मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेते आणि पुढचे दहाएक महिने ही तिथे मुंग्यांची पिल्लं खाऊन वाढते. ती नेमकी एकाच जातीची मुंगी लागते, आणि त्या मुंगीला उन्हाने तापलेली जमीन लागते. १९५० च्या दशकात साथीने ससे मेले, गुरंही चरायची कमी झाली, गवत थोडं उंच झालं, जमीन थोडी गार झाली, मुंगी गेली. गवताची उंची! जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलं तोवर उशीर झाला होता, पण नंतर स्वीडनहून अळ्या आणून परत वसवलं आणि ते टिकलं.

चिमणचारा
म्हणजे अळी मांसाहारी??

रानभूल
अगदी. आणि त्यासाठी ब्रिटनला जायला नको, पिठ्या ढेकूण लागलेल्या फांदीवर नीट बघा, त्यातला एखादा ढेकूण जास्त लठ्ठ आणि हलणारा दिसला तर ती एपफ्लाय फुलपाखराची अळी. झाडाला तोंडच लावत नाही, नुसते पिठ्या ढेकूण खाते आणि त्यांचाच पांढरा भुसा अंगावर घेऊन फिरते. तिचा कोष म्हणजे छोट्या माकडाचं तोंड, खोटं वाटेल पण नाव त्यावरूनच पडलंय. जुनाखोड काकांनी पाळाव्यात 😀

आणि चिमणचारा, तुमच्या छोट्याला दाखवायला सगळ्यात सोपी म्हणजे रेड पिएरोची अळी. पानफुटीच्या जाड पानाच्या आत, दोन सालींच्या मधे राहते. पान उन्हासमोर धरलं की आतून पोखरलेला रस्ता दिसतो, त्यात काळ्या लेंड्या, आणि रस्त्याच्या टोकाला ती स्वतः, सिनेमा बघितल्यासारखं. एका पानाचं आतून संपलं की भोक पाडून बाहेर येते आणि दुसऱ्या पानात शिरते.

चिमणचारा
दाखवते! पण आधी एक, आमच्या मुळ्याच्या पानांवर काळ्या बारीक अळ्या आहेत, हात लावला की गोल चकती होऊन पडतात. ह्याचं फुलपाखरू कुठलं होईल? पोरगं डबा घेऊन तयार बसलंय.

किडेमकोडे
पायाच्या जोड्या मोजायला सांगा. पुढच्या खऱ्या पायांच्या तीन जोड्या सोडून मागच्या गुबगुबीत. फुलपाखरू किंवा पतंगाच्या अळीला त्या जास्तीत जास्त पाच जोड्या, उंटअळीला तर दोनच, म्हणून ती कमान करून चालते.

चिमणचारा
मोजले. भिंगाने. तीनदा. आठ म्हणतोय.

किडेमकोडे
मग ते ना फुलपाखरू ना पतंग. करवती माशीची अळी आहे, गांधीलमाशीच्या नात्यातली. डबा मिटवायला सांगा, आणि पोराला शाबासकी द्या, आठ मोजणं सोपं नाही.

जुनाखोड
लहान मुलं आहेत म्हणून एक सांगून ठेवतो, केसाळ सुरवंट आणि ती चपटी हिरवी, काट्यांचे झुबके असलेली अळी, नारळ-आंब्यावर असते, तिला हात लावू देऊ नका. आग आग होते. लागलंच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उचकटायची, केस निघतात, मग साबणाने धुवायचं. सूज वाढली, श्वासाला त्रास झाला तर सरळ डॉक्टर. शेवग्याच्या खोडावर गठ्ठ्याने बसतात त्या केसाळांनाही तोच नियम.

शेंडा
अपडेट. बियांपासून लिंबाची रोपं येतायत. तोवर कढीपत्त्यावरची एक अळी डब्यात वाढवली, रोज ताजी पानं, लेंड्या साफ, पूर्ण आईपण. काल हिरवी झाली, खायची थांबली, मला वाटलं कोषात जाणार. आज सकाळी तिच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे तीसेक पांढरे दाणे! ही अंडी आहेत का? अळी अजून जिवंत आहे, हलतेय.

रानभूल
अंडी नाहीत रे, कोष आहेत, पण बारीक परजीवी गांधीलमाश्यांचे. गांधीलमाशीची मादी, अळी लहान असतानाच, अळीच्या अंगात अंडी टोचून जाते, पिल्लं आतून खात वाढतात, जीव जाईल असं काही खात नाहीत, आणि शेवटी कातडी भेदून बाहेर येऊन कोष विणतात. अळी आता वाचणार नाही. दुसऱ्या काही माश्या (गांधील नव्हे, साध्या) तर अंडी पानावरच घालतात, अळी ती पानाबरोबर गिळते, आणि मग फुलपाखराच्या कोषाखाली पांढरट बुळबुळीत दोरे लोंबतात, त्यावरून माशीची अळी खाली उतरते. रानातून मोठी झालेली अळी आणली की हे नेहमीचं. अंड्यापासून वाढवली तर टळतं.

शेंडा
दोन तास झाले, बघवत नाहीये आणि बघणं सोडवतही नाहीये. ते दाणे काढून टाकू का?

जुनाखोड
नको. त्या माश्या नसत्या तर तुमच्या कढीपत्त्याला दर दोन महिन्यांनी नाही, दर आठवड्याला खराटा झाला असता.

शेंडा
डबा गॅलरीत उघडून ठेवला. काही बोलू नका आज.

लेन्सवाला
शेंडा, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. जरा वेगळं बोलू. मारिया सिबिला मेरियन माहीत आहे? अळ्या आपोआप चिखलातून उपजतात असं अजून बरेच लोक मानत होते त्या काळात ही बाई घरात डब्यांमधून अळ्या वाढवायची. १६९९ मध्ये, पन्नाशी ओलांडलेली असताना, मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, तिथल्या जंगलातल्या अळ्यांसाठी. १७०५ ला चित्रं छापली, आणि त्यात अंडं, अळी, कोष, फुलपाखरू सगळं एकाच पानावर, त्या त्या झाडावर बसलेलं. आपण इथे "कुठल्या झाडावर होती?" विचारतो ती सवय तिची. आणि कोषातून फुलपाखराच्या जागी माश्या निघाल्या तर तिने त्याही काढून ठेवल्या आहेत. त्या कशा आल्या हे तेव्हा तिलाही नीट कळलं नव्हतं.

ओसरी
मंडळी!!! सोळावा दिवस आज. रात्री साडेनऊला कपाटाखालून फडफड असा आवाज. डबा काढला तर पाल्यावर चॉकलेटी रिकामं टरफल आणि काडीवर ते, म्हणजे मी शब्दच शोधतेय, पोपटी, गडद हिरवा, गुलाबी, पांढरट, कुणीतरी लष्करी गणवेश आणि पैठणी एकत्र शिवल्यासारखं. पंख सुकलेले होते, पण लगेच उडालं नाही. आधी जागच्या जागी थरथर सुरू केली, डबा हातात धरला होता तर बोटांना गुणगुण जाणवत होती, मोबाइल व्हायब्रेट होतो तशी. असं मिनिटभर तरी. मी विचार करतेय आजारी आहे की काय आणि तेवढ्यात जिन्याच्या खिडकीतून गेलं सुद्धा.

रानभूल
अभिनंदन! ती थरथर म्हणजे इंजिन गरम करणं, उडायचे स्नायू तापल्याशिवाय त्याला उचलता येत नाही स्वतःला. फोटो?

ओसरी
तोच तर नाही काढला, थरथर बघत बसले. पण आज सकाळी तगरीला नवे शेंडे फुटलेत, त्यातल्या एका कोवळ्या पानाच्या मागे एक गोल मणी चिकटलाय, फिक्कट हिरवा, गुळगुळीत, मोहरीपेक्षा किंचित छोटा. एकच. हे तेच का?

रानभूल
एकेकटंच घालते ती. फोटो टाका.

ओसरी
टाकला. ह्या वेळी धुरकट नाहीये, कारण हे हलत नाही 😀